मालकाला विचारून सांगतो

साल एकोणीसशे अडुसष्ट, आणि मी अठरा वर्षांचा. पण आमच्याकडं साल या शब्दाचा कॅलेंडराशी फारसा संबंध नव्हता. "यंदा साल कोणाकडं हाय?" असं कोणी विचारलं की त्याचा अर्थ, यंदा तू कोणाचा सालगडी. पाडव्याच्या दिवशी मालकाच्या हातचा विडा घेतला की साल लागलं. पुढचा पाडवा येईपर्यंत दिवस त्याचा, रात्र त्याची, पेरणी त्याची, सुगी त्याची, आणि तुमचं दुखणंखुपणंही त्याच्या सवडीनं. माझं साल आबांकडं होतं. माझ्या आधी माझ्या बापाचं साल आबांकडंच होतं. त्याचा गुडघा गेला तसं त्यानं मला पुढं केलं, थकल्या बैलाच्या जागी गोऱ्हा जुंपतात तसं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी गावातून छाती काढून चालायचो. आज ती छाती आठवली की शर्टाची गुंडी लावावीशी वाटते.

कारण आबा म्हणजे देवमाणूस. चार बैलांची शेती, माळवदाचं घर, दर एकादशीला पायी नामदेवाच्या नरसीला जाणार, आणि तोंडात कधी शिवी नाही. त्यांना राग आला तर ते नुसतं खाकरायचे. त्या खाकरण्याचे तीन-चार प्रकार होते आणि ते मला पाठ होते. शाळेतले पाढे मात्र तिसरीतच सुटले. पहाटे जिजीचं, म्हणजे आबांच्या कारभारणीचं, जातं सुरू व्हायचं. तिच्या ओव्या मला अर्ध्या झोपेत ऐकू यायच्या आणि घरचंच कोणी गाऊन राहिलं आहे असं वाटायचं. जेवायला मला वेगळं बसवत नसत. आबांच्या ताटात जे तेच माझ्या ताटात: ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तिच्यावर करडईच्या तेलाची धार, आणि ठेचा असा की डोळ्यातून पाणी यावं आणि तरी हात थांबू नये. शेजारच्या वावरात महादू नावाचा गडी होता. त्याच्या मालकाचा दिवस शिवीनं उगवायचा आणि शिवीनंच मावळायचा. बांधावर भाकर खाताना मी महादूला सांगायचो, "आमच्या आबाला काईबी इचार, व्हयच म्हणतात." महादू भाकर चावत म्हणायचा, "लेका शेष्या, मंग तर तूच मालक झालास." मला ते कौतुक वाटायचं. तो टोमणा होता हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा ज्याला उत्तर द्यायचं तो महादू उरला नव्हता.

आबा व्हय म्हणत, हे खरं होतं. पंचमीला मावशीकडं जाऊ का, व्हय. जत्रेला जाऊ का, व्हय, आणि वर खायला पदरचं देत. मला मिसरूड फुटलं तेव्हा मी विचारलं, "आबा, मिशी ठेवू का?" आबांनी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं, खाकरले (हे खाकरणं राजीखुशीचं होतं) आणि म्हणाले, "ठेव की. शोभंल तुला." ती मिशी अजून आहे. पांढरी झाली आहे. सकाळी आरशात पाहताना कधी कधी वाटतं, ही आबांचीच आहे, मी नुसता सांभाळून राहिलो आहे.

हे सगळं लिहायचं कारण माझी नात. श्रद्धा हिंगोलीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते, जीपनं जाते-येते, आणि संध्याकाळी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचते. मागं ती वाचता वाचता म्हणाली, "लिबर्तास." मी बाजेवरून विचारलं, "कोणतं तास? नांगराचं का तिफनीचं?" आमच्याकडं तास म्हणजे फाळानं पडलेली ओळ. ती इतकी हसली की पुस्तक खाली पडलं. म्हणाली, "आजोबा, हा लॅटिन शब्द हाय. जुन्या रोमच्या लोकांचा. लिबर्तास म्हणजे स्वातंत्र्य." मी म्हणालो, "मंग स्वातंत्र्यच म्हण की. त्याच्यासाठी रोमला काहून जायचं?" तर म्हणे तसं नाही. त्या लोकांत गुलाम असायचे. एखाद्या गुलामाचा मालक फार चांगला असायचा, मारायचा नाही, अडवायचा नाही. तरीपण तो गुलामच. कारण उद्या मालकाचं मन फिरलं तर त्याच्या हातात काय? कोणी अडवत नाही याला ते लोक स्वातंत्र्य म्हणत नव्हते. अडवू शकेल असा कोणी डोक्यावर नाही, याला म्हणायचे. आणि गुलाम मोकळा झाला की त्याच्या डोक्यावर टोपी घालायचे. मी विचारलं, "टोपी मालकाची, का त्याची सवताची?" ती म्हणाली, "ते पुस्तकात नाही आजोबा." पुस्तकात नसेल. पण माझ्या डोक्यावर एकदा मालकाचा पटका होता, आणि त्यानं माझी जी शोभा झाली ती सांगण्यासारखी आहे.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला बानं माझ्यासाठी एक पोरगी काढली. आमच्या बाजाराचं गाव गोरेगाव, त्याच्या पल्याडचं गाव, घरात थोडी बरड जमीन, पोरीचं नाव कौसा. पोरगी पाहायला जायचं ठरलं आणि मी अर्थातच आबांना विचारलं. आबा इतके खूश झाले की जणू पोरगी त्यांनाच पाहायची होती. त्यांनी स्वतःची दमणी काढून दिली, म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी. तिला त्यांची पांढरी खिल्लारी जोडी, गळ्यात घुंगरमाळा. जिजीनं आबांचं धुतलेलं धोतर दिलं. आणि निघायच्या वेळी आबांनी आपला गुलाबी पटका मला स्वतःच्या हातानं बांधला, मागं सरून पाहिलं, शेमला नीट केला. मी दमणीत ताठ बसलो. रस्त्यातली माणसं वाट सोडत होती. ती बैलांना सोडत होती, पण मला वाटलं मला.

पोरीच्या घरी दारातच तिची आजी बसलेली. अंगानं चिपाड, हातात अडकित्ता, समोर सुपाऱ्या. पोरीचा बाप गरीब स्वभावाचा; घराचा कारभार या म्हातारीच्या हाती होता हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. रामराम झाला, पाणी झालं. म्हातारी सुपारी कातरत बाहेर पाहत होती.

"गाडी कोणाची म्हणायची?"

"आबाची," बा म्हणाला. "आमच्या मालकाची."

"आन बैलं?"

"तीबी आबाचीच."

"पटका लई झाक हाय. त्यो?"

हे मीच सांगितलं, मोठ्या अभिमानानं. "आबाचा. खुद्द आबानं बांधून देला."

"आन पोरगं?"

"ते मपलं हाय," बा म्हणाला.

"बरं झालं. काईतरी घरचं आणलं म्हणायचं."

आतल्या दारामागं पोरी फिसकारल्या. मी पण हसलो. मला वाटलं म्हातारी थट्टेखोर आहे, जमेल आपलं. मग कौसा आली. मुरमुऱ्यांचा सुशीला घेऊन आली, वर कोथिंबीर, कांदा, शेंगदाण्याचं कूट. माझ्यापुढं ताट ठेवताना तिनं मान वर केली नाही, पण ताट ठेवलं ते नीट, आवाज न करता. एवढ्यावर माझं काम झालं. आजकालची पोरं महिनोन्महिने फोनवर बोलतात आणि मग नाही म्हणतात. मला ताट ठेवलेलं पुरलं. मी सुशीला खात होतो आणि मनात घर मांडून राहिलो होतो. पोरीच्या बापानं घसा साफ केला आणि म्हणाला, "पसंत असंल तर लग्नाची तिथ धरू. आखिती झाली की करावं म्हणतो मी. तुमचं कसं?"

बाच्या तोंडात घास होता. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी, धोतर सावरून, आवाज भारदस्त करून म्हणालो, "मालकाला इचारून सांगतो."

अडकित्ता थांबला.

"कोणाला?" म्हातारी म्हणाली.

"आबाला."

"लगीन आबाचं हाय का तुपलं?"

"मपलं."

"मंग?"

"इचारावं लागतं. पण त्ये न्हाई म्हणत न्हाईत. कवाच न्हाई म्हणत."

आतल्या पोरी आता तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. कौसा चौकटीला टेकून उभी होती. ती हसत नव्हती. ती पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहत होती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. म्हातारीनं कातरलेली सुपारी तोंडात टाकली, थोडा वेळ चघळली आणि मग बोलली. आवाज चढवला नाही.

"मपला धनीबी सालानंच व्हता. त्याचाबी मालक लई भला. सारी उमर व्हय म्हणला. सणाला जा, व्हय. माहेरला जा, व्हय. मपली माय आजारी पडली, सांगावा आला, तवा पेरणीची घाई व्हती. मालक म्हणला, आजच्या दिवस थांबा, उद्या जा. गोडच बोलला, शिवी न्हाई देली. उद्या गेले तवा मायची राख गोळा करून राहिले व्हते." तिनं सुपाऱ्या पदरात गोळा केल्या. "एकच डाव न्हाई म्हणला. पण त्या एका डावात समजलं का त्यो सारी उमर न्हाई म्हणू शकत व्हता."

"माय, पाव्हणे हायेत," पोरीचा बाप हळूच म्हणाला.

"पाव्हण्यालाच सांगून राहिले. पोरा, तू वंगाळ न्हाईस. तिथ तू सवता सांग, कोणाला न इचारता. सांगता आली तर पाडवा झाल्यावर ये, पोरगी तुपली. न्हाई आली तर ही बैलं चांगली हायेत, त्यांला घेऊन घरला जा."

परत येताना घुंगरमाळा सारख्या वाजत होत्या आणि मला त्या तोडून टाकाव्याशा वाटत होत्या. बा म्हणाला, "काहून बोललास लेका. म्हणायचं, आखितीनंतर चालंल." मी म्हणालो, "मंग तुमीच काहून न्हाई बोलले?" तो म्हणाला, "मपल्या तोंडात सुशीला व्हता." घरी आलो तसं आबांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं जमलं नाही. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. दुसरी पाहू. मी पाहतो." एरवी त्या हातानं मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी 'मी पाहतो' हे दोन शब्द बाभळीच्या काट्यासारखे रुतले. कौसानं ताट ठेवलं होतं माझ्यापुढं. दुसरी कोण पाहणार होतं, आणि कोणासाठी?

मी हट्टी आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. श्रद्धा म्हणते आजोबांना डॉक्टरनं मीठ बंद केलं तेव्हापासून ते मीठ मोजून दोनदा घेतात. तेव्हाही तसाच होतो. मी ठरवलं, एक गोष्ट आबांना न विचारता करायची आणि मग म्हातारीपुढं जाऊन उभं राहायचं. गोष्ट कुठली ते सुचेना. चोरी करायची नव्हती, नुकसान करायचं नव्हतं. शेवटी बाजाराच्या दिवशी, खळ्यावर हरभऱ्याची मळणी चालू असताना, मी बैल सोडून सावलीला बांधले आणि कोणाला काही न बोलता गोरेगावच्या वाटेला लागलो.  बाजारात मला घ्यायचं काहीच नव्हतं. मी एका झाडाखाली बसून भजी खाल्ली, मिरची चावली, एका म्हशीचा सौदा शेवटपर्यंत पाहिला, आणि उन्हं कलल्यावर परत निघालो. वाटेत भांडणाची सगळी तयारी केली. ते असं म्हणाले की मी असं म्हणेन. खाकरले तर मी पण खाकरेन.

आबा खळ्यावर स्वतः बैल हाकत होते. धुळीनं पांढरे झालेले. माझ्याकडं पाहून म्हणाले, "बाजारला गेलता का? बरं केलंस. लई दिवसाचं तुपलं जाणं न्हाई झालं. मीच धाडणार व्हतो."

मी बैलांचा कासरा हातात घेतला.  माझं बंड त्यांनी आधीच मंजूर करून ठेवलं होतं. त्या माणसाच्या चांगुलपणाला कुठंच दार नव्हतं, जिकडून जावं तिकडं तो आधीच उभा. मला रडू आलं आणि हरभऱ्याच्या कुटाराची आंबट धूळ डोळ्यात गेली असं मी जिजीला सांगितलं.

मग पाडवा आला. आबांच्या माळवदावर गुढी, तिला साखरेची गाठी आणि लिंबाचा डहाळा. घरात पुरणाचा वास. जिजीच्या चुलीपुढं पोळ्यांची चळत. जेवणं झाली. दुधात कुस्करलेली पुरणपोळी मी जितकी खाल्ली तितकी आजवर परत खाल्ली नसेल, कारण मनातून मला माहीत होतं की हे ताट शेवटचं असू शकतं. बा ओसरीवर गुडघा चोळत बसला होता. आबांनी पानाचा विडा केला आणि हात पुढं केला.

"घे शेष्या."

"न्हाई घेत, आबा."

जिजी आतून दारात आली. आबांचा हात तसाच पुढं.

"काहून? काय कमी पडलं?"

"काईच न्हाई."

"हात उगारला का कवा?"

"न्हाई."

"शिवी देली?"

"न्हाई आबा. तुमी लई चांगले हाव. तेच तर..." मला पुढं शब्द सापडेना. रोमच्या लोकांकडं होता म्हणतात, पण त्याचा तेव्हा मला काय उपयोग. मी जीव एकवटून म्हणालो, "मला आता कोणाला इचारायचं न्हाई."

आबांनी विचार केला. त्यांचं तोंड उतरलं होतं, तरी ते माझ्यासाठीच काहीतरी शोधत होते. मग त्यांना सापडलं. "एवढंच का?" ते म्हणाले. "मंग इचारू नको. मी तुला मुभा देतो. आजपासून मला काईबी इचारायचं न्हाई."

बा म्हणाला, "पाय धर लेका त्यांचे. असा मालक मिळतो का कुठं."

मी अजूनही कधी कधी बाजेवर पडून आबांच्या त्या वाक्याला उत्तर शोधतो. न विचारण्याची परवानगी. यापेक्षा मोठं मन कोणाचं असणार? आणि यापेक्षा घट्ट दावं तरी कुठं मिळणार?  त्या दिवशी मी विड्याकडं पाहत उभा राहिलो, डोळ्यापुढं चौकटीला टेकलेली कौसा, आणि मान नुसती हलवत राहिलो, नाही, नाही. आबांनी विडा हळूच खाली ठेवला.   शेवटी माझ्याच्यानं राहवेना. मी म्हणालो, "मंग आबा, जाऊ का?"

"जा," आबा म्हणाले.

गल्लीच्या वळणावर आल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी विचारूनच निघालो होतो.

घरी बानं मला झोडलं नाही, कारण गुडघ्यामुळं त्याला उठायला वेळ लागायचा आणि मी दारातच उभा होतो. तो म्हणाला, "आता खाशील काय?" मी म्हणालो, रोजानं जाईन, ज्याच्या वावरात काम असेल त्याच्या. तो म्हणाला, "रोजाला काय मालक नसतात?" मी म्हणालो, "असतात. पण दिवस बुडेस्तोवर." हे बोलणं मला इतकं आवडलं की मी ते झोपेपर्यंत मनात घोळवत राहिलो.  मायनं चुलीतली राख सारली आणि सकाळसाठी पीठ काढून ठेवलं, दोघांचं असतं त्यापेक्षा एका माणसाचं जास्त.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी मला जाग आली. जागा झालो असं म्हणायचं इतकंच. अंग उठलं, डोकं मागं झोपूनच राहिलं. मी चालत गेलो, गोठ्यात शिरलो, टोपलं घेतलं आणि शेण भरू लागलो. पांढऱ्या बैलानं माझं मनगट चाटलं. अर्धा गोठा झाल्यावर जात्याची घरघर थांबली, आणि मला उमगलं की मी आबांच्या गोठ्यात आहे. जिजी दाराशी उभी होती. तिच्यामागं आबा.

"शेष्या," आबा म्हणाले, "शेण काढून राहिला का काय?"

"व्हय."

"कोणी सांगितलं?"

मी टोपल्याकडं पाहिलं, उरलेल्या अर्ध्या गोठ्याकडं पाहिलं. "कोणीच न्हाई," मी म्हणालो.  मी उरलेला गोठा झाडून काढला. आधीचा अर्धा सवयीनं झाला होता, हा माझ्या मर्जीनं, आणि खरं सांगायचं तर मर्जीचा अर्धा काही जास्त स्वच्छ निघाला नाही. मग हौदावर हातपाय धुतले आणि तसाच, घरी न जाता, डोक्याला माझंच जुनं फडकं गुंडाळून, गोरेगावच्या पल्याडची वाट धरली.

वाटभर मी तिथ ठरवत होतो. कोणाला विचारायचं नव्हतं, बाला नाही, भटजीला तर नाहीच. आठवडी बाजारावरून मोजलं: चौथा बाजार झाला की दुसरा दिवस. बाजारातून सामानसुमान आणता येईल, रोजाची कामं तोवर संपतील, असा सगळा विचार माझा मीच केला. उन्हं चढायच्या आत पोचलो. म्हातारी दारात तशीच बसलेली, अडकित्ता तसाच. आत कोणाच्या तरी हातातलं भांडं वाजलं आणि थांबलं. मी रामराम न करताच तिथ सांगून टाकली.

म्हातारीनं माझ्या डोक्यावरच्या फडक्याकडं पाहिलं, शेणाचा वास घेतला. मग बोटांच्या पेरांवर दिवस मोजले, पुन्हा एकदा मोजले, आणि म्हणाली, "जावयबापू, त्या दिशी आमुशा हाय."